पुरस्कारवालं पुस्तक मुलांसाठी कसं निवडायचं आणि त्यावर गप्पा कशा मारायच्या

साधारण जून महिन्यात साहित्य अकादमीचे बाल साहित्य पुरस्कार जाहीर होतात आणि मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू होतात, "तिसरीतल्या मुलासाठी अवॉर्ड विनिंग मराठी पुस्तक सुचवा प्लीज". कुणीतरी अख्खी यादी टाकतं, दोघं-तिघं लगेच ऑर्डर करतात, पुस्तक घरी येतं, पोरगं चार पानं वाचतं आणि पुस्तक जातं टीव्हीखालच्या कप्प्यात. दोष पुस्तकाचा नसतो आणि पोराचा तर नसतोच. पुरस्कार म्हणजे दोन-तीन जाणत्या मोठ्या माणसांनी "हे चांगलंय" असं म्हटलेलं असतं, एवढंच. त्याने शंभर पुस्तकांतली दहा तुमच्यासमोर येतात, ती सोय मोठी आहे, पण त्या दहातलं तुमच्या घरातल्या माणसाला कुठलं चालेल हे तुम्हाला आणि त्यालाच ठरवायचंय. आमच्याकडे सोसायटीतल्या मुलांचा वाचनकट्टा चालतो, तिथे जे जमलंय त्यावरून लिहितेय.

१. पुरस्कार नक्की कशाला मिळालाय ते आधी बघा

हे कुणी बघतच नाही. अकादमीचा हा पुरस्कार 2010 पासून आहे. मराठीत पहिला मिळाला अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला आणि दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. म्हणजे इथे अमुक एका पुस्तकाला पुरस्कार आहे, ते पुस्तक आणायचं, विषय संपला. पण 2014 ला माधुरी पुरंदरे, 2016 ला राजीव तांबे, 2018 ला रत्नाकर मतकरी यांना मिळाला तो बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीसाठी. आता दुकानात जाऊन "त्यांचं पुरस्कार मिळालेलं पुस्तक द्या" म्हटलं तर दुकानदार जे हाताला लागेल ते देणार, त्याचा तरी काय दोष. पुरंदऱ्यांचंच घ्या, 'राधाचं घर' हे अगदी छोट्यांचं आणि बाकीची बरीच पुस्तकं त्याहून मोठ्या मुलांची, त्यामुळे लेखकाचं नाव बघून उचललं तर चौथीतल्या मुलाच्या हातात बालवाडीचं पुस्तक पडायचं आणि तो तुमच्याकडे असा बघेल की बस.

२. वय

अकादमीचा पुरस्कार 9 ते 16 वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना असतो. म्हणजे पहिली-दुसरीतली मुलं त्या हिशेबात मुळात नाहीतच! तिसरीपासून पुढच्यांसाठी यादी बघा आणि तिथेही पुस्तक चाळूनच, कारण नऊ वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांचं मूल यांच्यात केवढं अंतर असतं हे दोन्ही घरात असलेल्यांना सांगायला नको. आणखी एक घोळ होतो तो म्हणजे अकादमीचा 'युवा पुरस्कार'. तो पस्तिशीच्या आतल्या लेखकांना असतो, पुस्तक तरुण वाचकांसाठी असतं असं नाही, ते मोठ्यांचंच असतं. नावावर जाऊन मुलांसाठी मागवू नका.

छोट्यांसाठी मग काय? तर चित्रपुस्तकं. टाटा ट्रस्टचा 'पराग' नावाचा मुलांच्या पुस्तकांसाठीचा उपक्रम आहे, त्यांचा 'बिग लिटल बुक अवॉर्ड' असतो, 2016 चा लेखकासाठीचा पहिला पुरस्कार मराठीला, म्हणजे माधुरी पुरंदऱ्यांनाच मिळाला होता. पराग दरवर्षी चांगल्या पुस्तकांची 'ऑनर लिस्ट' पण काढतं, ती इंग्रजी-हिंदीची असते, पण घरात तीही पुस्तकं चालतातच ना. आणि अमेरिकेचं 'कॅल्डेकॉट मेडल', हे 1938 पासून दिलं जातं आणि ते चित्रांसाठी असतं, मजकुरासाठी नाही. मुखपृष्ठावर सोनेरी गोल शिक्का असेल तर ते मेडल आणि रुपेरी असेल तर त्याच्या खालचा मान. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना तर ही पुस्तकं गावातल्या लायब्ररीत फुकट मिळतात, त्यांनी बिनधास्त आणावीत आणि चित्रं बघत मराठीतून बोलावं.

३. पुस्तकाचा प्रकार बघा

गेल्या काही वर्षांची मराठी यादी बघितली तर 2022 ला संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', हे एका मुलीने वहीत लिहिलंय अशा डायरीच्या रूपातलं. 2023 ला एकनाथ आव्हाड यांचं 'छंद देई आनंद', या कविता. 2024 ला भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही कादंबरी. 2025 ला सुरेश सावंत यांचं 'आभाळमाया', परत कविता. आता ज्या मुलाला भुताखेतांचं आणि रहस्याचं वेड आहे त्याला कवितासंग्रह दिला आणि वर "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच" म्हटलं तर तो कवितेलाच कायमचा वैतागणार. कवितांचं पुस्तक सलग वाचायचं नसतं, ते जेवणाच्या टेबलावर उघडं पडू द्या, एक कविता तुम्ही म्हणा, एक त्याला निवडू द्या, बास.

राज्य सरकारचे जे वाङ्मय पुरस्कार असतात त्यात बालवाङ्मयाचे कविता, कथा, कादंबरी, नाटक असे वेगवेगळे भाग असतात, त्यामुळे प्रकार डोक्यात पक्का असेल तर ती यादी जास्त कामाची. मला स्वतःला ती जास्त आवडते, पण ग्रुपवर फारशी कुणी फॉरवर्ड करत नाही.

४. दुकानात (किंवा मोबाईलवर) दोन पानांची टेस्ट

विकत घ्यायच्या आधी दोन पानं वाचून बघायचीच. बुकगंगा या पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटवर बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची पानं फुकट दिसतात, प्रदर्शनात उभ्याउभ्या वाचलं तरी सहसा कुणी हटकत नाही. इंग्रजी पुस्तकांसाठी पाच बोटांचा नियम सांगतात, म्हणजे मूल एक पान वाचतं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक अवघड. मराठी पुस्तकाला हा नियम जसाच्या तसा लावू नका, खासकरून मूल इंग्रजी मीडियमचं असेल तर. कारण आपल्याकडच्या कितीतरी मुलांना कानाने पाचवीच्या पातळीचं मराठी मस्त कळतं, आज्जीशी तासभर वाद घालतील, पण देवनागरी वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडते. तुम्ही बोटं मोजून "अवघड आहे" म्हणून पुस्तक परत ठेवणार आणि त्याच्या हातात दुसरीचं काहीतरी देणार, जे त्याला बाळबोध वाटणार. म्हणून टेस्ट दोनदा करा. एक पान त्याने वाचायचं, पुढचं पान तुम्ही वाचून दाखवायचं. तुम्ही वाचताना तो पुढे काय झालं विचारतोय का? विचारत असेल तर पुस्तक घ्या, फक्त ते मोठ्याने वाचून दाखवायचं पुस्तक आहे हे लक्षात ठेवा. नसेल विचारत तर पुरस्कार कितीही मोठा असू दे, आत्ता नको.

आणि हो, मुलाला द्यायच्या आधी पूर्ण पुस्तक स्वतः वाचा. चाळून नाही, पूर्ण. एका रात्रीत होतं. जुन्या पुस्तकांत जाड्या मुलाची चेष्टा, कामवाल्या बाईंना अरेतुरे, मारकुटे मास्तर असं काहीबाही असतं, त्यासाठी पुस्तक बाद करायची गरज नाही, उलट त्यावर छान बोलता येतं, पण ते पान येणार आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे.

५. गप्पा, तोंडी परीक्षा नाही

पुस्तक संपलं की आपण काय विचारतो? "काय शिकलास यातून?" हा प्रश्न आला की मुलांचा चेहरा लगेच शाळेतला होतो आणि उत्तर पण शाळेतलंच येतं, "नेहमी खरं बोलावं". पुस्तकात खरं-खोट्याचा काही संबंध नसला तरी.

एडन चेंबर्स म्हणून एक ब्रिटिश लेखक होते, आधी शिक्षक होते, त्यांना स्वतःला बालसाहित्यातला मोठा आंतरराष्ट्रीय मान, 2002 चा हान्स अँडरसन पुरस्कार मिळालाय. मुलांशी पुस्तकावर कसं बोलायचं याची त्यांची एक पद्धत आहे आणि ती एकदम साधी आहे. चारच गोष्टी विचारायच्या: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कळलं नाही किंवा विचित्र वाटलं, आणि काय परत परत येतंय किंवा कशाशी तरी जुळतंय. दुसरं म्हणजे "का?" शक्यतो विचारायचंच नाही. "का आवडलं?" म्हटलं की मूल कोपऱ्यात सापडल्यासारखं होतं आणि "माहीत नाही" म्हणून सुटका करून घेतं. त्याऐवजी "सांग ना त्याबद्दल" म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, आपल्याला मधेच बोलायची एवढी खोड असते. मनातल्या मनात दहा आकडे मोजा.

माझ्या मते चौघांतला तिसरा प्रश्न सगळ्यात भारी. 1963 चं कॅल्डेकॉट मिळालेलं एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' आम्ही पहिली-दुसरीतल्या मुलांना दाखवलं होतं. त्यात पीटर नावाचा छोटा मुलगा दिवसभर बर्फात खेळतो आणि उद्यासाठी म्हणून बर्फाचा एक गोळा कोटाच्या खिशात ठेवून घरी येतो, आणि रात्री बघतो तर खिसा रिकामा. मी विचारलं, काही विचित्र वाटलं का? एक जण म्हणाला, आईने कोट धुवायला टाकला. दुसरी म्हणाली, कुणीतरी चोरला. मग एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली की आम्ही गावाला गारा वेचून डब्यात ठेवल्या होत्या त्या पण पाणी झाल्या, आणि मग पुढचा अर्धा तास गारा, डबे, फ्रीज, कुणाच्या गारा किती वेळ टिकल्या, पीटर रडला असेल का यावरच गेला. मी विरघळणे, स्थायू-द्रव वगैरे काहीही सांगितलं नाही, इच्छा खूप झाली होती!

मोठ्या मुलांना पुस्तकाच्या बांधणीबद्दलही विचारता येतं. 'पियूची वही'सारखं डायरीवालं पुस्तक असेल तर विचारा, हीच गोष्ट तिच्या आईने लिहिली असती तर? आणि वहीत तिने काय लिहायचं टाळलं असेल? तिसरी-चौथीच्या मुलांना हा दुसरा प्रश्न फार आवडतो, कारण वहीत काय लिहायचं नाही याचा त्यांना बराच अनुभव असतो.

कवितांवर फार चर्चा नको. परत म्हणायला सांगा, टाळ्या वाजवत म्हणा, झालं.

६. मुलांनाच परीक्षक करा

हा भाग जमला तर बाकी काही नाही केलं तरी चालेल. अकादमीत प्रत्येक भाषेला तीन परीक्षक असतात. ब्रिटनमध्ये तर कार्नेगी मेडल या मुलांच्या पुस्तकांच्या पुरस्कारासाठी शेवटच्या फेरीतल्या पुस्तकांची छोटी यादी जाहीर झाली की शाळाशाळांतली मुलं तीच पुस्तकं वाचतात आणि आपला विजेता आपण ठरवतात. आपणही तेच करायचं. चार पुस्तकं घ्या, सगळी पुरस्कारवालीच पाहिजेत असं काही नाही, दोन पुरस्कारवाली, एक प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरचं फुकट मराठी पुस्तक (तिथे वाचनाच्या पातळीप्रमाणे 1 ते 4 अशा लेव्हल दिलेल्या असतात, त्या शाळेच्या इयत्ता नव्हेत) आणि एक मुलांनीच निवडलेलं. मुलांचं निवडलेलं तुम्हाला टुकार वाटलं तरी ठेवा.

वाचायच्या आधी निकष मुलांकडूनच काढून घ्या आणि मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. आमच्याकडे आलेले निकष सांगते: हसू आलं पाहिजे, चित्रात सगळं नीट दिसलं पाहिजे, शेवट आधीच कळायला नको, आणि "आईला पण आवडलं पाहिजे असं नाही". मग महिनाभर पुस्तकं फिरवा. शेवटी तिघातिघांचे गट करा, गटात भांडू द्या, चिठ्ठ्या टाकून मत घ्या. नुसतं मत नाही, चिठ्ठीवर पुस्तकातलं एक पान नंबरासकट लिहायचं, ज्या पानामुळे मत दिलं. त्यामुळे मित्राचं बघून मत द्यायला जमत नाही आणि पान शोधायला सगळे पुस्तक परत उघडतात. निकाल 14 नोव्हेंबरला, बालदिनाला लावला तर मजा येते, जूनपासून तेवढा वेळही मिळतो.

मुलांचा निकाल मोठ्यांच्या पुरस्कारापेक्षा वेगळा आला, आणि बहुतेकदा येतोच, तर लगेच "पण हे बघ, याला तर अकादमीचा मिळालाय" असं सुरू करू नका. परीक्षकांना यात काय आवडलं असेल, एवढंच विचारा. चौथीतली मुलं यावर कधीकधी इतकं नेमकं बोलतात की आपण बघत राहतो.

एखाद्याला पुस्तक अर्ध्यात सोडायचं असेल तर सोडू द्या, फक्त कुठल्या पानावर सोडलं ते विचारा आणि त्या पानाची खूण ठेवा. सहा महिन्यांनी तेच पुस्तक परत समोर ठेवा, काही बोलू नका.

विजेत्या पुस्तकाच्या लेखकाला मुलांकडून पत्र लिहून घ्या. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो, लेखकाचं नाव घालून त्या पत्त्यावर पाठवायचं. पत्रात काय आवडलं नाही तेही लिहू द्या. आणि शुद्धलेखन तपासू नका.