कालव्यावरून मतदारसंघात : विधानसभा निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या निवृत्त अभियंत्यांसाठी

राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून रुजू झालो आणि 58 व्या वर्षी उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत, ज्या कालव्यावर माझी निम्मी नोकरी झाली त्याच भागातून, मी अपक्ष उमेदवार म्हणून उभा राहिलो. मी पराभूत झालो आणि माझी अनामत रक्कमही जप्त झाली. तरीही त्या काही आठवड्यांत जे शिकलो ते आपल्यासारख्या निवृत्त सहकाऱ्यांच्या उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

पहिला प्रश्न पात्रतेचा. वय 25 पूर्ण असावे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे, एवढी मूळ अट आहे. निवृत्तिवेतन हे लाभाचे पद मानले जात नाही, त्यामुळे त्याची चिंता करू नये. मात्र निवृत्तीनंतर स्वतःच्या नावावर राज्य शासनाच्या कामाचा ठेका चालू असेल, तर तो अपात्रतेचे कारण ठरू शकतो. शासनाच्या एखाद्या समितीवर मानधनाचे पद घेतले असेल, तर त्याबाबत अर्ज भरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. खातेनिहाय चौकशी चालू असणे ही अपात्रता नाही. भ्रष्टाचाराच्या कारणावरून बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्याला मात्र बडतर्फीपासून पाच वर्षे उभे राहता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांना त्रास होतो तो शपथपत्रातील एका रकान्याचा. नमुना 26 मधील शपथपत्रात मालमत्ता, कर्जे, पाच वर्षांचे आयकर विवरण आणि फौजदारी प्रकरणे यांच्याबरोबरच, गेल्या दहा वर्षांत शासकीय निवासस्थानात राहत असल्यास त्याचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याची माहिती द्यावी लागते आणि तसे ना-देय प्रमाणपत्र जोडावे लागते. ज्याची बदली दर तीन वर्षांनी झाली, त्याला हे प्रमाणपत्र एकाच कार्यालयातून मिळत नाही. मला दोन वसाहतींची प्रमाणपत्रे हवी होती. एक चार दिवसांत मिळाले. दुसऱ्या कार्यालयात माझ्या निवासस्थानाची नोंदवहीच सापडत नव्हती आणि त्यासाठी मला पाच खेपा घालाव्या लागल्या. निवडणूक जाहीर झाल्यावर हे काम सुरू केले, ही माझी चूक होती. ज्याच्या मनात उभे राहण्याचा विचार आहे, त्याने ही कागदपत्रे किमान वर्षभर आधी मिळवून ठेवावीत. शपथपत्रातील एकही रकाना कोरा ठेवू नये; लागू नसेल तेथे तसे स्पष्ट लिहावे.

2024 साली 22 ऑक्टोबरला अधिसूचना निघाली आणि अर्ज भरण्याची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, म्हणजे नेमकी धनत्रयोदशी होती. टंकलेखक, नोटरी, छपाईवाले सगळेच दिवाळीच्या घाईत होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जात लिहावा लागतो. आदल्या रात्री, मोजमाप पुस्तिका तपासावी तसे मी एकेक नाव छापील यादीशी ताडून पाहत होतो, तेव्हा सातव्या सूचकाचे नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत असल्याचे लक्षात आले. गाव तेच होते, पण त्यांची वस्ती हद्दीपलीकडे गेली होती. रात्री दहा वाजता दुसऱ्या गृहस्थांना उठवून त्यांची सही घेतली. ती घेतली नसती, तर छाननीत माझा अर्ज तिथेच बाद झाला असता. म्हणून सूचक दहा नव्हे, बारा-तेरा तयार ठेवावेत आणि अर्जाचे एकाहून अधिक संच भरावेत. चारपर्यंत संच भरता येतात आणि अनामत रक्कम, सर्वसाधारण उमेदवाराला 10,000 रुपये, एकदाच भरावी लागते. अर्ज दाखल केल्यावर शपथ घेणे विसरू नये. ती छाननीच्या तारखेच्या आधी व्हावी लागते. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला त्याच दिवशी शपथ घ्यावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी छाननी असते.

हिशेबाच्या बाबतीत आपल्या पेशाचा खरा उपयोग होतो. विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते आणि खर्च त्यातूनच करावा लागतो. एका व्यक्तीला किंवा दुकानदाराला संपूर्ण निवडणुकीत 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात : रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोख रकमेची गुलाबी आणि बँक व्यवहाराची पिवळी. प्रचाराच्या काळात ही वही तीन वेळा तपासणीसाठी न्यावी लागते. प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेला आहे ना, हे बिल चुकते करण्यापूर्वीच पाहावे. ज्याने तीस वर्षे कंत्राटदारांची देयके तपासली, त्याला हे काम जड जात नाही.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती मला फार उशिरा समजली. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. 2024 मध्ये ती तारीख 4 नोव्हेंबर होती. मतदान 20 नोव्हेंबरला होते, आणि मतदान संपण्याच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबतो. म्हणजे हातात केवळ चौदा दिवस राहिले. माझ्या मतदारसंघात सव्वातीनशेच्या आसपास मतदान केंद्रे होती. भागाकार केला, तर दररोज तेवीस केंद्रांपर्यंत चिन्ह पोहोचवायला हवे होते. मोठ्या पक्षांचे चिन्ह लोकांना लहानपणापासून ओळखीचे असते, त्यांच्या उमेदवाराला फक्त स्वतःचे नाव सांगावे लागते. अपक्षाला नाव आणि चिन्ह, दोन्ही पोहोचवावे लागते. नाव आधी पोहोचवता येते, चिन्ह येत नाही. म्हणून निदान नावाचे काम दोन वर्षे आधी सुरू झाले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पाणी सोडताना आपण शेपटाकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, सुरुवात करतो, कारण मुखाकडच्या शेतकऱ्याला पाणी कसेही मिळते. मी प्रचारही शेपटाच्या गावांतूनच सुरू केला. वितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या फाट्याच्या, अगदी टोकाच्या एका वस्तीवर मी सिंचनाविषयीचे माझे चार पानी निवेदन वाचून दाखवू लागलो. त्यात आवर्तनाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचे, वेळापत्रक, पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने (मोजून) पाणी, पाणी मागणीच्या सात नंबरच्या अर्जांचा प्रश्न असे सगळे होते. दुसऱ्या पानावर असताना ओट्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "सायेब, उन्हाळ्यात रातच्याला चारीवर बॅटरी घेऊन पाणी आलं का बघायला तुम्हीच यायचात, ते मला ठावं हाय. आता तुमची निशाणी कंची ते दावा. कागद वाचायला पोरं हायेत." मी कागद मिटला आणि यंत्रावर माझे चिन्ह कितव्या क्रमांकावर असेल, ते दाखवले. त्यांनी दोनदा बोट ठेवून पाहिले आणि शेजारणीला हाक मारली. त्या दिवसापासून निवेदन मी फक्त मागणाऱ्यालाच दिले.

आपल्या मनात नेहमी येणारे एक उदाहरण ई. श्रीधरन यांचे. कोकण रेल्वेमुळे महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचे नाव घराघरांत आदराने घेतले जाते. दिल्ली मेट्रोही त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. 2021 साली, वयाच्या 88 व्या वर्षी, ते केरळातील पालक्काड मतदारसंघातून भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि 3,859 मतांनी पराभूत झाले. एवढे काम आणि एवढी सचोटी असूनही, आणि मागे राष्ट्रीय पक्षाची यंत्रणा असूनही, ती जागा मिळाली नाही. माझ्या मते याचा अर्थ लोकांना कामाची किंमत नाही असा घेऊ नये. पूल किंवा बोगदा संपूर्ण देशाचा असतो, आणि आमदार निवडताना मतदार आपल्या गल्लीतल्या अडचणीला दाद कोण देईल ते पाहतो. तो हक्क त्याचा आहे. निवृत्त अभियंत्याने हे मनापासून मान्य केल्याशिवाय उभे राहू नये.

काही सहकारी विचारतात की पदवीधर मतदारसंघ आपल्याला सोयीचा नाही का. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी सात पदवीधरांच्या आहेत आणि तेथे किमान वय 30 आहे. पण त्याची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते आणि एक मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा असतो. नोंदणीचेच काम वर्षभर पुरते. ज्यांच्यामागे संघटना आहे त्यांनी तो विचार अवश्य करावा.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर आपला प्रतिनिधी असणे फार महत्त्वाचे आहे. तो मतदान सुरू होण्यापूर्वीच्या अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्राच्या चाचणीला, हजर राहतो आणि शेवटी नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब असलेला नमुना 17 सी घेऊन येतो. मला सर्व केंद्रांवर माणसे देता आली नाहीत. जिथे दिली, तिथे बहुतेक जण पाणीवापर संस्थांचे माजी पदाधिकारी किंवा निवृत्त कालवा निरीक्षक होते, आणि त्यांनी एकही कागद हरवला नाही.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते न मिळाल्याने अनामत गेली. पराभूत उमेदवारालाही निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. तो न दिल्यास तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते. मी तो तिसऱ्या आठवड्यात दिला आणि पोच घेतली.

त्यानंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे नमुना 20, मिळवला आणि खात्याच्या जुन्या लाभक्षेत्र (कालव्याचे पाणी मिळणाऱ्या भागाच्या) नकाशावर प्रत्येक केंद्राची मते पेन्सिलने लिहिली. धरणाजवळच्या आणि तालुक्याच्या गावात आकडे अगदी लहान आहेत. वितरिकांच्या शेपटाकडे ते वाढत जातात, आणि त्या आजींच्या वस्तीच्या केंद्रावर मी पहिल्या क्रमांकावर आहे. तो नकाशा सध्या माझ्या टेबलावर आहे. ज्या केंद्रांवर माझा प्रतिनिधी नव्हता त्यांना लाल खूण केली आहे, आणि उन्हाळी आवर्तन सुरू झाले की दर आठवड्याला त्यांतील दोन गावांना जातो.