टेकडीवर धावताना अत्तर: कुठे, कोणतं, किती

सकाळी सव्वापाचला मी पुण्यात सहकारनगरातून तळजाई टेकडीच्या चढाला लागते. उजव्या मनगटावर सुती पट्टा असतो आणि त्याच्या आत वाळ्याच्या अत्तराचा फाया खोचलेला. चढावर दम लागला की घाम पुसायला हात वर जातो, माठातल्या वाळ्याच्या पाण्याचा वास येतो आणि पुढची शंभर पावलं सुखाची जातात. धावताना सुगंध लावावा का, असं कुणी विचारलं तर मी मनापासून हो म्हणते. पण ऑफिसला किंवा लग्नाला जाताना लावतो तसा लावून चालत नाही.

अंग तापलं की सुगंध भराभर उडतो. एरवी दिवसभर पुरणारा परफ्यूम अर्ध्यापाऊण तासात सगळा बाहेर पडतो. तोही मागून धापा टाकत येणाऱ्यांच्या तोंडावर. चार वर्षांपूर्वी मी गळ्याला दोन फवारे मारून निघाले होते. मागे दम्याचा त्रास असलेली मैत्रीण होती. चढ संपायच्या आतच ती गुडघ्यांवर हात टेकून थांबली आणि तिने खिशातला पंप काढला. मला ती एका शब्दाने बोलली नाही, पण त्या दिवसापासून माझं माप ठरलं: वास मला यावा, फार तर हातभर अंतरावरच्या माणसाला. बंद जिममध्ये तर काहीच लावू नका. आंघोळ आणि धुतलेला टीशर्ट, बास.

फाया करायला कापसाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घ्या. अत्तराच्या बाटलीतली काडी कडेला निथळून त्या गोळीला एकदाच टेकवा. थेंब पडला तर तो फाया धावायला नको, कपाटात साड्यांमध्ये ठेवा. मग गोळी दोन बोटांत दाबून झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत रात्रभर राहू द्या. कडेला साचलेलं अत्तर कापसात सगळीकडे मुरतं आणि सकाळी पहिल्याच झुळकीला वास अंगावर येत नाही. आमचे आजोबा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवत. देवळात जायला ते छान, पण धावताना तो पडतो, नाहीतर घामाबरोबर गालावर ओघळतो. कपाळाला किंवा टोपीच्या आतल्या पट्टीला तर अजिबात लावू नका. घाम थेट डोळ्यांत उतरतो आणि डोळे चुरचुरतात. मांड्या, काखा घासू नयेत म्हणून व्हॅसलीन लावत असाल, तर त्यावरही सुगंध नको. तेलकट थरावर तो जास्त वेळ टिकतो, घामात मिसळून जड होतो.

वाळाच का? त्याचे सुगंधी घटक जड असतात, हळूहळू उडतात, त्यामुळे वास एकदम अंगावर येत नाही आणि शेवटपर्यंत थोडा थोडा पुरतो. रविवार पेठेत अत्तर घेताना ते कशात केलंय हे विचारा. जुन्या पद्धतीचं अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, स्वस्त बाटलीत बहुधा पॅराफिन असतं. ऊद, व्हॅनिला, कडक मोगरा हे वास बसल्याजागी कितीही आवडोत, तापलेल्या अंगावर गुदमरायला होतं. ज्यांना फवाराच हवा त्यांनी कोलोन घ्यावं. त्यात सुगंधी तेल साधारण 2 ते 4 टक्के असतं, ओ द परफ्यूम या कडक प्रकारात 15 ते 20. कोलोनचा लिंबूवर्गीय वास वीस मिनिटांत विरतो, पण तेवढ्यात सारसबागेच्या तीन-चार फेऱ्या होतात.

लिंबावरून एक कळकळीची सूचना. एका उन्हाळ्यात मी कागदी लिंबाच्या साली दाबून काढलेलं तेल खोबरेलात मिसळून मानेला लावलं आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर ऊन चढेपर्यंत धावले. दोन दिवसांनी मानेवर ओघळांच्या आकाराचे लालसर चट्टे उठले. पुढे ते तपकिरी झाले आणि दिवाळी आली तरी पुसट दिसत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलातही तीच असतात. घरी मिसळलेली अशी तेलं उघड्या अंगाला लावून उन्हात जाऊ नका, अगदी थोडीसुद्धा.

टेकडीवर जाणाऱ्यांनी केळ्याचा किंवा गोड फळांचा वास असलेले बॉडी मिस्टही टाळावेत. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना सावध करणारा जो वास सोडते, त्यात आयसोअमिल अ‍ॅसिटेट असतं आणि केळ्याच्या वासातही मुख्यत्वे तेच असतं. आग्या मोहोळाखालून जाताना हा धोका कशाला घ्यायचा?

नवा वास आधी पर्वतीवर तपासा. 103 पायऱ्या न थांबता चढा आणि वर पोचल्यावर सोबतच्या माणसाला विचारा. आपल्या नाकावर विसंबू नका, ते काही मिनिटांत सरावतं आणि वास गेला असं वाटून आपण पुन्हा लावतो. थंडीत ही चूक हमखास होते. डिसेंबरच्या गारठ्यात निघताना वास जाणवतच नाही, म्हणून हात सैल सुटतो आणि तिसऱ्या किलोमीटरला अंग तापलं की सगळा एकदम फुलतो. पावसाळ्यात मी फाया घरीच ठेवते. ओल्या मातीचा आणि घाणेरीचा वास असताना आणखी कशाची गरज वाटत नाही.

अत्तर घामाचा वास झाकेल या आशेवर मात्र राहू नका. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू काखेतल्या घामावर जगतात आणि दुर्गंधी तयार करतात. घाम रोखणारी अँटीपर्स्पिरंट रोल-ऑन रात्री झोपताना कोरड्या काखेला लावा, तेव्हा ती जास्त लागू पडते. पॉलिएस्टरचे ड्रायफिट टीशर्ट हा वास सुती कपड्यापेक्षा जास्त धरून ठेवतात, आणि त्यांच्यावर पडलेलं अत्तर तेलकट डाग करतं. घरी आल्यावर टीशर्ट पिशवीत गुंडाळून ठेवू नका. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम शोषला जात नाही. मनगटाचा पट्टा साबणाने वेगळा धुवून उन्हात टाका आणि फाया रोज नवा घ्या.