कुठल्या चिमणाबाई? बडोद्यावर लिहिताना या चुका टाळा

गणपतीच्या स्मरणिकेत बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या चिमणाबाई टॉवरच्या फोटोखाली मी ऐटीत ओळ टाकली होती: ‘अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा महाराणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ.’ अंक छापून आल्यावर मंडळातल्या एका आजींनी चष्मा कपाळावर सरकवला. “अरे, टॉवर १८९६ चा आणि परिषद १९२७ ची. बाई जिवंत असताना स्मारक बांधलंत होय?” मग सगळ्या अंकांवर डिंकाने दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवत बसलो.

चिमणाबाई दोन, आणि दोघीही बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्याच राण्या. त्यामुळे नवऱ्याचं नाव पाहून काहीच उलगडत नाही. पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये लग्न झालं, १८८५ मध्ये वारल्या. टॉवर त्यांच्या नावाचा. दुसऱ्या, १८८५ मध्येच लग्न होऊन आलेल्या देवासच्या गजराबाई. महिला परिषदेच्या अध्यक्षा या, कूचबिहारच्या इंदिराराजेंची आईही याच. १९५८ पर्यंत हयात होत्या. लग्नात सुनेचं नाव बदलायची आपल्याकडची रीत, तिथेच हा घोळ झाला. म्हणून राणीबद्दल लिहायचं तर आधी माहेर शोधा.

पुरुषांच्या बाबतीत आपण वडिलांच्या नावावर विसंबतो. तेही दरवेळी चालत नाही. सयाजीराव तिसरे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, काशीरावांचे चिरंजीव. १८७५ मध्ये दिवंगत महाराज खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि ते खंडेरावांचे पुत्र झाले. जुन्या कागदात ‘काशीराव’ दिसलं म्हणून हा कुणी वेगळा गायकवाड समजू नका. आणि कागद १८२०-३० च्या आसपासचा असेल तर त्यातले सयाजीराव दुसरे, त्यांना लक्ष्मीविलास राजवाडा बांधायला लावू नका.

आता मल्हारराव-खंडेराव. मल्हारी काय, खंडेराय काय, नावं खंडोबाचीच. मराठी सरदार घराण्यांत ती जोडीने सापडायचीच. इंटरनेटवर ‘मल्हारराव’ टाकलं की होळकर आधी येतात, आणि शाळेच्या प्रकल्पात पोरं बडोद्याच्या मल्हाररावांना अहिल्याबाईंचे सासरे करून मोकळी होतात. नातं विचारा, सुटतं: मल्हारराव बाप आणि खंडेराव मुलगा असेल तर ते होळकर; दोघे भाऊ असतील तर गायकवाड. होळकरांचे खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. आपल्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला, आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून काढलं. खंडेराव मार्केट मात्र खंडेरावांनी बांधलेलं नाही. ते सयाजीराव तिसऱ्यांनी १९०६ मध्ये उभं केलं. नाव कुणाचं आणि बांधलं कुणी, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

फत्तेसिंहरावांचा पेच छोटा आहे. पहिल्या चिमणाबाईंचे चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, वडील गादीवर असतानाच गेले, त्यामुळे ते कधीच महाराज झाले नाहीत. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झालेले, १९८८ मध्ये गेलेले फत्तेसिंहराव हे त्यांचे नातू, प्रतापसिंहरावांचे चिरंजीव. आजोबांचं नाव नातवाला, नेहमीचंच. यंदा स्मरणिकेत दोघांचेही फोटो घेतलेत, आणि प्रूफ आधी त्या आजींकडे पाठवलंय.