थेरपीच्या सेशनमध्ये काय बोलायचं?

आठवडाभर डोक्यात नुसता कल्लोळ असतो, पण थेरपिस्टसमोर बसलं की पाटी कोरी. असं पुष्कळांचं होतं. थोडी तयारी केली तर बोलणं सोपं जातं.

पहिलं काम: फोनमध्ये टिपणं ठेवा. दोन ओळी पुरेत, पण नेमक्या. ‘खूप ताण आला’ असं नको. ‘मंगळवारी साहेबांचा फोन वाजला, पोटात गोळा आला, उचललाच नाही’ असं लिहा. सेशनमध्ये हाच प्रसंग सांगा. फोन वाजताना मनात काय आलं? कशाची भीती वाटली? असं आधी कधी वाटलं होतं? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांवर काम करणारी उपचारपद्धत, अशाच क्षणी मनात चमकून जाणारे विचार पकडते.

मग अवघड गोष्ट आधी काढा. सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं. बरेचजण इकडचं तिकडचं बोलतात आणि उठताना, दाराशी पोचल्यावर म्हणतात, ‘अजून एक होतं...’ खरं दुखणं तेच असतं आणि वेळ संपलेली असते. सगळं सांगायचं धाडस होत नसेल तर एवढंच म्हणा: ‘एक गोष्ट आहे, पण सांगायची लाज वाटते.’ त्या लाजेबद्दल बोला. मूळ गोष्ट पुढच्या खेपेला सांगितली तरी चालेल.

विषय मोठाच हवा असं नाही. झोप, पैसा, शरीरसंबंध, भावंडांतला अबोला, मत्सर, एखादं स्वप्न, अगदी चांगला गेलेला दिवससुद्धा. ‘लोकांची दुःखं माझ्यापेक्षा मोठी आहेत’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. दुःख मोजून मग मदत मागायची नसते.

थेरपिस्टचं काही खटकलं तर तेही सांगा. ‘मागच्या वेळी तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, ते मला लागलं’ असं म्हणणं उद्धटपणा नाही. इतर नात्यांत आपण असं गिळून टाकतो का, हेही त्यातून उलगडतं.

गोपनीयतेचं पहिल्याच भेटीत विचारून घ्या. जिवाला धोका, मुलांवरचा अत्याचार, कोर्टाचा आदेश हे सहसा अपवाद असतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर लपवू नका. विचार सांगितला म्हणजे लगेच दवाखान्यात भरती करतात असं नाही, आधी धोका किती आहे ते विचारतात. मात्र आत्ताच जिवाचं बरंवाईट होईल असं वाटत असेल तर सेशनची वाट न पाहता तातडीची मदत घ्या.

आणि एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर तसं सांगून थोडा वेळ गप्प बसा. थेरपिस्टला त्या शांततेची सवय असते.