दोघांचा लिमिट पोकर: पॅक करायची घाई आणि बाकीच्या चुका

लावण उरकली आणि खानापूरला झड लागली की आमच्या घरी कुंद्याच्या जुन्या डब्यातले चिंचोके बाहेर निघतात. पैशाचं नाव नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे, आणि हा खेळ शिकायला चिंचोके पुरतात. खेळ म्हणजे टेक्सास होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे दोघांसाठी पाच उघडी पानं, त्यांतून ज्याची पाच चांगली तो जिंकला. 'लिमिट' म्हणजे बोली किती घालायची ते ठरलेलं.

आमचा हिशेब असा: ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधीच घालायचे चिंचोके, छोटा १, मोठा २. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली २ ची, शेवटच्या दोन फेऱ्यांत ४ ची. एका फेरीत चार बोल्यांच्या वर जायचं नाही.

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे छोटा ब्लाइंड समोरच्याला घालायला लावणं. दोघांच्या खेळात तो पानं वाटणाराच घालतो. फ्लॉपच्या, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडण्याच्या आधी पहिली बोली त्याची, पुढे मात्र तो प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. ही जागा उलटी झाली तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता खरं दुखणं. आपल्याकडे बहुतेकांचा हात तीन पानीवर बसलेला. सहाजण असताना पानं पडली नाहीत की पॅक करणं शहाणपणाचं, पण दोघांत तीच सवय डबा रिकामा करते. वाटणारा रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, तेव्हा तो आणखी ३ घालतो, आणि पॉटमध्ये (मधल्या ढिगात) आधीच ३ असतात. तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा पॅक केलंत तर तो हातातली पानं न बघताही फायद्यात. तुम्हाला ६ साठी फक्त २ घालायचे असतात, म्हणजे चारांतून एकदा जिंकलात तरी बरोबरी.

गेल्या पावसात निपाणीचा माझा मावसभाऊ समोर होता. त्याच्याकडे एक्का-छक्की. माझा रेझ त्याने कॉल केला, म्हणजे बरोबरीचे घातले, पॉट ८ झाला. फ्लॉपला राजा, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगाची. त्याने चेक केलं (काही न घालता बोली माझ्याकडे दिली), मी २ टाकले आणि त्याने लगेच पानं पालथी घातली. "दादा, काय लागलंच नाही की, मग कशाला घालू?" मी माझी पानं दाखवली: गुलाम-नव्वी. मलाही काही लागलं नव्हतं, त्याचा एक्का पुढे होता. त्याला १० साठी २ घालायचे होते. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर साधारण तीनांतून दोनदा काहीच लागत नाही, आणि हे समोरच्यालाही तितकंच लागू आहे. एक्का हातात असताना असा पॉट सोडू नका. सत्ती-दुर्री असती तर गोष्ट वेगळी.

रिव्हरवर, म्हणजे मधलं शेवटचं पान उघडल्यावर, तर ही चूक अजून महाग पडते. पॉट २० चा, समोरच्याने ४ टाकले, तर २४ साठी तुमचे ४. सातांतून एकदा तुमची छोटी जोडी खरी ठरली तरी तोटा नाही.

वाटणाऱ्याने नुसता कॉल करून आत येणं हीही वाईट सवय. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'सेफियस' हा प्रोग्रॅम जगापुढे आणला आणि नेमका हाच खेळ जवळपास पूर्ण सोडवला. वाटणाऱ्याच्या जागेवरून तो खेळायचं ठरवतो तेव्हा जवळजवळ नेहमी रेझच करतो. वाटणाऱ्याची जागा फायद्याची, हेही त्यातून दिसलं.

चांगलं पान लपवून चेक करत बसू नका. इथे बोली ठरलेली असल्यामुळे सोडलेले ४ पुढे एकदम वसूल करता येत नाहीत.

एका संध्याकाळच्या चिंचोक्यांवरून कोण चांगला खेळतो ते ठरवणं मला अजिबात पटत नाही. २००७ साली व्हँकुव्हरला अल्बर्टाच्याच 'पोलॅरिस' या प्रोग्रॅमशी दोन खेळाडूंचा सामना झाला तेव्हा नशीब कमी करायला एका खोलीतल्या माणसाची पानं दुसऱ्या खोलीत यंत्राला दिली होती. तुम्ही चौघे असाल तर हे घरी करून बघा. दोन जोड्या करा, एक जोडीदार सोप्यावर आणि दुसरा माजघरात बसवा. प्रत्येक डावाची पानं वहीत लिहा, तीच पानं आत उलट बाजूला द्या आणि शेवटी जोडीदारांचे चिंचोके एकत्र मोजा.