डेबियन १२ वर सिस्टमडीशिवाय बूट कसं करायचं

मशीन सुरू होताना कर्नलनंतर (लिनक्सच्या गाभ्यानंतर) सगळ्यात आधी कोणता प्रोग्राम चालायचा, हे मशीनच्या मालकाने ठरवावं असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी हाच तो डीफॉल्ट पहिला प्रोग्राम ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाराज मंडळी वेगळी झाली, त्यातून डेव्हुआन हे सिस्टमडीशिवाय चालणारं वितरण उभं राहिलं. पण सिस्टमडीच्या आधीचं जुनं सिसव्हीइनिट डेबियनच्या रेपॉझिटरीत (पॅकेजांच्या भांडारात) अजून आहे. वापरणारे उरले तरच ते तिथे टिकेल, म्हणून हे लिहितोय.

कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि पहिला प्रयोग व्हर्च्युअल मशीनवर करायचा. ‘पीएस -पी १’ दिलंत की प्रोसेस क्रमांक १ चं नाव दिसेल. आत्ता तिथे सिस्टमडी असणार.

आता एपीटीने (डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने) सिसव्हीइनिट-कोअर, ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स आणि आरसिसलॉग ही तीन पॅकेजं टाका. डेस्कटॉप असेल तर सोबत लिबपॅम-ईलॉगइनडी. लॉग फाइलींत लिहिणारं आरसिसलॉग विसरू नका. डेबियन १२ मध्ये ते आपोआप येत नाही, सगळे लॉग सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातात. सिस्टमडी गेलं की जर्नलही गेलं, आणि काही बिघडलं तर वाचायला एक ओळ मिळत नाही. एपीटीला आधी ‘-एस’ लावून नुसती तालीम करून घ्या आणि काय काय काढलं जाणार ती यादी नीट वाचा. त्यात तुमचा डेस्कटॉप दिसला तर तिथेच थांबा. एक्सएफसीई सहसा त्रास देत नाही, ग्नोम देतो.

रीबूट करा. मशीन उठलं नाही तर ग्रबच्या (बूट करताना दिसणाऱ्या) मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/लिब/सिस्टमडी/सिस्टमडी’ जोडा आणि एफ१० दाबा. सिस्टमडीची व्यवस्था परत येते. ही परतीची वाट उघडी राहावी म्हणून सिस्टमडीचं मूळ पॅकेज लगेच पर्ज (कॉन्फिगरेशनसकट काढून) करू नका. काही आठवडे जाऊ द्या. मात्र सिस्टमडीला पहिला प्रोग्राम बनवणाऱ्या सिस्टमडी-सिसव्ही या पॅकेजला एपीटीच्या प्रेफरन्सेसमध्ये उणे १ प्रायॉरिटी द्या, नाहीतर एखाद्या अपग्रेडमध्ये ते मागच्या दाराने आत येतं.

खरं काम यानंतरचं. ठरलेल्या वेळी कामं चालवणारे सिस्टमडीचे टायमर आता चालणार नाहीत. बऱ्याच पॅकेजांनी त्याऐवजी क्रॉनची (वेळापत्रकाने कामं चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची) सोय ठेवलेली आहे: वेबसाइटची सर्टिफिकेटं सांभाळणाऱ्या सर्टबॉटची क्रॉन फाइल उघडून बघा, ‘/रन/सिस्टमडी/सिस्टम’ ही डिरेक्टरी नसेल तरच ती सर्टिफिकेट नूतनीकरणाला हात घालते. म्हणजे क्रॉन चालू असेल तर ते काम होत राहतं. तुम्ही स्वतः लिहिलेले टायमर मात्र हाताने क्रॉनमध्ये न्यावे लागतील. स्वतःच्या सर्व्हिसेससाठी इनिट-डी-स्क्रिप्ट वापरा: वर अवलंबित्वांचं हेडर, खाली वर्णन आणि डीमनचा (मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामचा) पाथ, बस. मग ती बूटच्या वेळी चालावी म्हणून अपडेट-आरसी.डी चालवा. अशी स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचता येते, आणि मला नेमकं हेच हवं असतं.

एखाद्या पॅकेजची स्क्रिप्टच गायब असेल तर चिडून लिहू नका. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, बहुतेक वेळा फावल्या वेळात काम करणारा स्वयंसेवक असतो. स्क्रिप्ट लिहा, चालवून बघा आणि बग रिपोर्टला पॅच म्हणून जोडा. एवढी उस्तवार झेपणारी नसेल, तर सरळ डेव्हुआन टाका. तिथे इन्स्टॉल करतानाच सिसव्हीइनिट, ओपनआरसी किंवा रनइट निवडता येतं.