सोलापुरातून भटकंतीसाठी जुनी पेट्रोल फोर बाय फोर घेताना

गाडी बघायला निघण्याआधी एक कागद घ्या आणि वर्षभरात कुठे कुठे जायचंय ते लिहून काढा. आपल्या सोलापूरकरांची यादी साधारण अशीच निघते: नळदुर्ग, विजयपूर, करमाळ्याकडचं उजनीचं बॅकवॉटर, हत्तरसंग कुडलचा सीना-भीमा संगम आणि वर्षातून एकदा हंपी नाहीतर कोकण. यातला बहुतेक रस्ता चारपदरी. खरी परीक्षा असते ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरची, जिथे डांबर संपतं, पाण्याकडे जाणारी गाडीवाट लागते आणि चाकाखाली काळी माती येते.

म्हणजे दिवसभर हायवेवर दमवणार नाही आणि त्या शेवटच्या वाटेवर जिची चारही चाकं खरोखर इंजिनाच्या जोरावर फिरतील, अशी फोर बाय फोर गाडी हवी. रंग, मॅगव्हील, छतावरचे लाइट हे सगळं नंतर विकत मिळतं. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि चार चाकांना ताकद देणारी यंत्रणा मात्र जशी मिळाली तशीच आयुष्यभर सांभाळावी लागते. तपासणीचा वेळ तिथेच घाला.

पेट्रोलच का

महिन्यातून दोनदा बाहेर काढायच्या गाडीला पेट्रोल बरं पडतं. जुन्या डिझेलचे इंजेक्टर, पंप, टर्बो आणि बीएस-६ मधला धुराचा फिल्टर यांचा खर्च एकदा अंगावर आला की मायलेजमधली बचत तिथेच जाते. साधं पेट्रोल इंजिन वजनाला हलकं असतं, आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते उघडू शकतो. किंमत मोजायची ती पंपावर. मारुतीच्या जिमनी मॅन्युअलचा कंपनीचा आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर आहे. सामान भरून, एसी लावून, उन्हाळ्यात मी बाराच धरतो. टाकी ४० लिटरची, म्हणजे एका टाकीत पावणेपाचशे किलोमीटर. महिंद्राच्या पेट्रोल थारचा हिशेब याहून वाईट, पण तिची टाकी ५७ लिटरची आहे.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट असलेली गाडी स्वस्तात मिळते, पण कॅम्पिंगसाठी ती घेऊ नका. झोपायची आणि सामानाची जागा सिलिंडर खातो, आणि किटची नोंद आरसीवर नसेल तर विम्याची भांडणं वेगळीच.

कोणती गाडी

पेट्रोल, चढ-चिखलासाठी हळू पण ताकदीचा लो गिअर असलेली आणि सुटे भाग सहज मिळणारी, एवढ्या अटी लावल्या की आपल्याकडे मुख्यतः तीन नावं उरतात.

मारुतीची जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. घ्यायचीच तर १.३ लिटरची, २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली घ्या. कार्बोरेटरवाली शौकिनांसाठी सोडा. गाडी हलकी, कुठेही चढते. पण चारही चाकांना स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे आहेत आणि कंपनीचा एसी नाही. मे महिन्यातल्या दुपारी कापडी छताखाली बसून सोलापूर ते विजयपूर एकदा जाऊन या आणि मगच ठरवा. घरात लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं असतील तर माझं मत जिप्सीच्या विरोधात आहे.

जिमनी जून २०२३ मध्ये आली. १.५ लिटरचं साधं, बिनटर्बोचं इंजिन, आणि इथे विकली गेलेली प्रत्येक जिमनी फोर बाय फोर आहे, त्यामुळे तिथे फसायची भीती नाही. पुढच्या सीटचा हेडरेस्ट काढून पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला जाऊन भिडते आणि दोन माणसं झोपू शकतात. डिकी मात्र २०८ लिटरची, मागची सीट पाडली तर ३३२. चौघं आणि चौघांचं सामान बसत नाही, हे आधीच मान्य करा.

थारमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. २०२० च्या ऑक्टोबरआधीची थार डिझेलच होती, पेट्रोल इंजिन आलं ते नव्या थारमध्ये: दोन लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. जानेवारी २०२३ पासून तिच्यात फक्त मागची चाकं ओढणारी गाडीही विकली जाते आणि ती बाहेरून हुबेहूब तशीच दिसते. पाच दरवाज्यांच्या थार रॉक्समध्ये तर फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, हे दार उघडल्याबरोबर बघा. छतावर तंबू किंवा कॅरिअर लावायचा विचार असेल तर कापडी छताची थार बाद. पक्क्या छताच्या गाडीलाही माहितीपुस्तिकेत छतावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती वाचा.

कुठून घ्यावी

शक्यतो एमएच १३, एमएच २५ किंवा एमएच २४, म्हणजे सोलापूर, धाराशिव, लातूरची गाडी. आपल्याकडे पाऊस कमी आणि हवा कोरडी, त्यामुळे पत्रा आणि चेसिस टिकतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई इथल्या गाड्या दिसायला चकाचक असतात, पण खारी हवा खालून खाते.

दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत दाखवली तर थांबा. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने त्या इकडे विकायला येतात. मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि एमएच १३ चा नवा नंबर, एवढा खर्च आणि हेलपाटे धरूनच भाव करा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरपासिंग आणि पर्यावरण कर आहे तो वेगळा.

गाडीखाली झोपा

बघायला जाताना जुनी चादर, टॉर्च आणि एक छोटा हातोडा न्या. चादर आपल्याकडे घरोघरी असतेच. गाडी सकाळी बघा आणि धुऊन ठेवू नका असं आधीच सांगा. धुतलेल्या गाडीखाली गळती दिसत नाही.

खाली सरकलात की आधी चेसिसच्या दोन लांब पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा. हातोड्याने हलकेच टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. नवा काळा रंग फासलेला असेल तर तिथे जास्त वेळ द्या. जिप्सीत मागचे पाटे चेसिसला जिथे धरतात ती जागा आणि पायाखालचा पत्रा आधी जातो. वेल्डिंगचे ओघळ दिसले, पट्टी जोडलेली दिसली, की व्यवहार तिथेच संपवा.

मग मधल्या गिअरबॉक्सपासून, ज्याला ट्रान्स्फर केस म्हणतात, निघणारे दोन शाफ्ट शोधा. एक मागे जातो, एक पुढे. दोन्ही आहेत का हे डोळ्यांनी बघा. हे मी जीव तोडून सांगतोय, कारण माझ्या पहिल्या जिप्सीला पुढचा शाफ्टच नव्हता. दांडा फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, खटकन पडायचा, मी खूश होतो. सप्टेंबरात घरच्यांना घेऊन कुडलला गेलो. शके ९४० चा मराठी शिलालेख मुलांना दाखवायचा होता. परतताना नदीकाठच्या शेतवाटेवर गाडी रुतली. मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती, पुढची दोन नुसती उभी. अंधार पडला, मुलं रडायला लागली, तेव्हा एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने खाली टॉर्च मारला आणि चार बोल्टांची रिकामी भोकं दाखवली. "मालक, पेट्रोल वाचतंय म्हणून काढून ठिवला असंल की." विकणाऱ्याने तोपर्यंत फोन उचलायचं बंद केलं होतं.

शाफ्ट हाताने धरून पिळून बघा. टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खुळखुळ लागली तर तो बदलायचा आहे. तो खर्च मोठा नसतो, पण भावात धरा. नंतर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोल गिअरपेटीचा, वरचा बोल्ट मिस्त्रीकडून उघडून घ्या. माझा मिस्त्री आत करंगळी घालतो आणि तेल अंगठ्यावर चोळतो. काळसर किंवा मधासारखं तेल ठीक. ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी गेलंय, गाडी नदीनाल्यात उतरली आहे आणि नंतर कुणी तेल बदललेलं नाही. बोटाला चमकी लागली तर दातऱ्या झिजताहेत.

थंड इंजिन, तापती दुपार

बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, कारण इंजिनाचे बरेच दोष गार असतानाच कळतात. स्टार्ट केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नाही आणि गोडसर वास येतो, तर कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसला तरी तोच संशय. नंतर गाडी उन्हात उभी करून एसी लावा आणि वीस मिनिटं चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकता कामा नये. आपल्या ४२-४३ अंशांत जो रेडिएटर टिकतो तो कुठेही टिकतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी पाइप लवकर कडक होतात, चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंत कुठेही पेट्रोलचा वास आला तर सगळे पाइप बदलायचे, एकेक नाही. जिप्सीला टायमिंग बेल्ट आहे; कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदला. थारमध्ये टर्बोचा आवाज ऐका. हलकी शिट्टी चालते, घासल्यासारखा आवाज नको.

चालवून बघताना

आधी हायवे. साठ ते ऐंशीच्या वेगात खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबलं नाही, तर जिप्सी-जिमनीच्या अखंड पुढच्या ॲक्सलचे बुश आणि बेअरिंग बघायला हवेत. कधीकधी नुसतं बॅलन्सिंग करून भागतं. थारचं पुढचं सस्पेन्शन सुटं आहे, तिला हा त्रास तसा होत नाही.

फोर बाय फोरची परीक्षा डांबरावर घेऊ नका. या गाड्यांत चारही चाकं जोडली की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने बांधला जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, आणि कोरड्या डांबरावर टायर घसरू शकत नसल्याने सगळा ताण गिअरवर येतो. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून नांगरलेलं रान किंवा मुरमाचा चढ निवडा. नान्नजच्या माळरानावर मात्र गाडी घालू नका. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत आणि चाकाची एक चाकोरी पुरेसं नुकसान करते.

गाडी सरळ चालत असताना फोर-एच लावा. डॅशबोर्डवरचा दिवा लागला पाहिजे, आणि सोबतच्या माणसाने बाहेर उभं राहून पुढची चाकं माती मागे फेकताहेत का ते पाहायचं. फोर-एलसाठी, म्हणजे चारही चाकांच्या लो गिअरसाठी, पूर्ण थांबा, मुख्य गिअर न्यूट्रल करा, मग दांडा ओढा. चढावर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी मुंगीच्या पावलाने चढली पाहिजे. उतरताना इंजिनाने तिला धरून ठेवलं पाहिजे, आणि दांडा उडून न्यूट्रलला येता कामा नये. जिप्सीत ही खोड बऱ्याचदा आढळते. मग स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून हळू मागे-पुढे करा. पुढच्या चाकातून टकटक आली तर जॉइंट गेलाय.

टायरबद्दल एक गोष्ट. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर तोच ताण येतो. आणि आपल्या काळ्या मातीत रस्त्याचे टायर दहा फुटांत गुळगुळीत होतात, खाचा भरून जातात. ऑल-टेरेन टायर बरे, पण पावसानंतर दोन दिवस काळ्या रानात जायचंच नाही, हा नियम कुठलाही टायर लावला तरी पाळा.

कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, पासिंगची मुदत, विमा आणि बँकेचा बोजा बघा. चलनं बाकी असतील तर ती इसार देण्याआधी विकणाऱ्याने भरायची. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, आरसीशी एकेक अंक जुळवा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. उंच केलेलं सस्पेन्शन आणि बाहेर आलेले मोठे टायर पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला अडचण करतात, त्याचे जास्त पैसे देऊ नका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

ठरलेल्या किमतीखेरीज सहावा हिस्सा बाजूला ठेवा. सगळी तेलं, फिल्टर, ब्रेक, बॅटरी आणि बहुधा टायर यात तो जातोच.

पहिली रात्र

लगेच हंपीला निघू नका. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या मित्राच्या शेतात एक रात्र काढा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली तर चुलीचीही गरज नाही. गाडीत झोपणार असाल तर दोन काचा बोटभर उघड्या ठेवा आणि इंजिन बंद ठेवा. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत कधीच नको. झोपण्याआधी इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही ॲक्सलखाली पुठ्ठे पसरा. सकाळी उजेडात ते काढून बघा. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, घट्ट आणि उग्र वासाचा गिअर ऑइलचा. पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला ते पेनाने लिहा आणि तोच पुठ्ठा मिस्त्रीकडे घेऊन जा.